जाळायला घडवलेली बाई

आमचा एक मावसभाऊ बंगलोरला असतो. (बंगळुरू म्हणायला हवं, पण त्याच्या तोंडी अजून बंगलोरच.) मागे आला होता तेव्हा म्हणाला, "दादा, आपल्या नागपुरात सगळं आहे. संत्री आहेत, सावजी आहे, मेट्रोही आली. पण रस्त्यावर कला म्हणून काही नाही. आमच्याकडे बघ, पुलाच्या खांबाखांबावर चित्रं काढलीत." मी म्हटलं, "अरे बापा, तुझं आजोळ महालातलं आणि तू हे म्हणतोस?" तर म्हणे, पुतळे सोडून काय आहे ते सांग.

फोनवर हे सांगून होत नाही, म्हणून लिहून काढलं. जरा लांबलं आहे. चहा घेऊन बसावं.

पुतळ्यांचं आधी आटोपतो. पुतळे आपल्याकडे भरपूर. व्हेरायटी चौकात गांधीजी, झाशी राणी चौकात राणी, महालात गांधीगेटपाशी शिवाजी महाराज, इतवारीत नेहरू. पण कधी लक्ष दिलंय का, पुतळा बसला की काही वर्षांत तो पत्ता होऊन जातो. "नेहरू पुतळ्यावर उतर", "नेहरू पुतळ्यावरून डावीकडे घे". तिथे रोज दुकान उघडणाऱ्या माणसाला विचारा, पुतळ्याचा हात वर आहे की खाली? तो तुमच्याकडे बघेल, मग मान उंचावून पुतळ्याकडे बघेल. एक अपवाद मात्र सांगायला हवा, संविधान चौकातल्या बाबासाहेबांचा. 13 एप्रिलच्या रात्री बारा वाजता तिथे जाऊन उभे राहा. तो पुतळा पत्ता नाही, तिथे माणसं भेटायला येतात. बाकी झिरो माईलचा खांब आणि ते चार घोडे फोटोत छान दिसतात, 2021 साली त्याच्या नावाचं मेट्रो स्टेशनही झालं. पण जाता जाता पायांना सहज लागावी अशी ती जागा नाही. मुद्दाम जावं लागतं.

मला सांगायचंय ते पायांना सहज लागणाऱ्या जागेबद्दल. म्हणजे महाल आणि इतवारी. हे जुनं नागपूर.

गोंड राजा बख्त बुलंद शाहाने 1702 च्या सुमाराला बारा वस्त्या जोडून हे गाव वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान. त्याने गावाला कोट घातला, जुम्मा तलाव बांधला. (हाच शुक्रवारी तलाव, हाच गांधीसागर. आणि जुम्मा दरवाजा तोच आजचा गांधीगेट. नागपूरकर नावं बदलतो, पण जुनं नाव टाकून देत नाही, माळ्यावर ठेवतो.) मग अठराव्या शतकाच्या मध्याला पहिले रघूजी भोसले इथे आले आणि गाव राजधानी झालं. भोसल्यांचा लाकडी कोरीवकामाचा मोठा वाडा होता, म्हणून भागाचं नाव महाल. तो वाडा 1864 साली जळाला. नगारखान्याचा दरवाजा उरला. ही आग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पेठांची नावं म्हणजे आठवड्याचं वेळापत्रक: इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. ज्या वारी जिथे बाजार, ते त्या पेठेचं नाव. आणि पेठेच्या आत ओळी. ओळ म्हणजे एका धंद्याची गल्ली. सराफा ओळ, लोहा ओळ, चितार ओळ. गल्ल्या अशा की दोन सायकलस्वार समोरासमोर आले तर एकाने पाय टेकवावा. वरती गच्च्या, सज्जे, तारा. इतवारीच्या नेहरू पुतळ्यापासून महालातल्या बडकस चौकापर्यंत रमतगमत अर्धा-पाऊण तास पुरतो, आणि खरं सांगायचं तर रमतगमतच जावं लागतं, कारण गर्दी तुम्हाला तिच्या चालीने नेते. माझी आजी ऐंशीव्या वर्षापर्यंत हा सगळा भाग पायी हिंडायची. रिक्षा करायची म्हटलं की म्हणे, "एवढ्याशासाठी रिक्षा? लोक हसतील."

चितार ओळ ही बडकस चौकाच्या बाजूला. चितारी म्हणजे चित्रं काढणारा, मूर्ती घडवणारा. भोसल्यांच्या काळापासून या लोकांची घरं इथे आहेत. पूर्वी देवळांच्या भिंती रंगवणं, लग्नघराच्या दाराशी हत्ती-घोडे काढणं, पाळण्यावर, पाटांवर नक्षी करणं ही सगळी कामं यांच्याकडे. आता मुख्य काम मूर्तींचं. आषाढ लागला की ओळीचा वास बदलतो. ओली माती, तणस, डिंक, मग रंग. भंडारा जिल्ह्यातून माती येते. घराच्या पुढच्या खोलीत गणपती, ओट्यावर गणपती, जिन्याखाली गणपती. रस्त्यावर ताडपत्रीखाली मोठे, अजून डोळे न काढलेले. येणारा-जाणारा थांबतो, बघतो, सूचना करतो ("सोंड जरा बारीक वाटून राहिली बरं का भाऊ"), आणि चितारी वर न बघता हातातलं काम करत राहतो. हे मी लहानपणापासून बघतोय. गॅलरीत चित्रासमोर दोन मिनिटं उभं राहिलं तर आपल्याला उगाच आपण शहाणे वाटायला लागतो. चितार ओळीत अर्धा तास उभं राहिलं तरी कोणाला काही वाटत नाही, आणि शेवटी ती मूर्ती कोणाच्या तरी डोक्यावरून घरी जाते.

पीओपीने या ओळीचं बरंच नुकसान केलं. साच्यातली मूर्ती हलकी, गुळगुळीत आणि स्वस्त. आधी नियम झाले, मग त्यांना मुदती, मग कोर्टकज्जे. तो सगळा पाढा इथे वाचत नाही. मातीची मूर्ती घेणारी माणसं अजून आहेत आणि ती याच ओळीत येतात.

पण माझं खरं उत्तर गणपतीही नाही. माझं उत्तर आहे मारबत.

बाहेरगावच्या मंडळींसाठी थोडक्यात. श्रावण अमावास्येला पोळा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोट्ट्यांचा पोळा. लाकडी बैल सजवून घरोघरी न्यायचा आणि बोजारा मिळवायचा. (बोजारा म्हणजे बैलाच्या नावाने मिळणारे पैसे. माझा बैल एका कानाने तुटका होता, त्यामुळे मला सहानुभूतीचे जास्त मिळायचे.) त्याच दिवशी सकाळी मारबतीची मिरवणूक निघते. बांबूच्या कामट्या, कागद, कापड, रंग यांची प्रचंड बाई. एक काळी, एक पिवळी. पिवळी जगनाथ बुधवारीतून निघते, तऱ्हाणे तेली समाजाची. काळी इतवारीची. नेहरू पुतळ्याच्या चौकात दोघींची भेट होते, आणि पुढे मिरवणूक जुन्या गल्ल्यांमधून महालाकडे जाते. सोबत बडगे. बडग्या म्हणजे पुरुषाचा पुतळा, आणि तो त्या वर्षीच्या रागाचा असतो. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा, खड्ड्यांचा, डेंग्यूचा, कधी एखाद्या पुढाऱ्याचा, कधी शेजारच्या देशाचा. गळ्यात पाट्या, पाटीवर यमक जुळवलेले टोमणे. रोगराई, खोकला-पडसं, भांडणं, जे काही वाईट असेल ते तू तुझ्याबरोबर घेऊन जा, असं मारबतीला ओरडून सांगायचं. शेवटी सगळ्यांना अग्नी.

समित्यांच्या हिशेबाने काळी मारबत 1881 पासून निघते आणि पिवळी 1885 पासून. हे आकडे जरा शेजारी ठेवून बघा. टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाची चळवळ उभी केली 1893 साली. म्हणजे पुण्याच्या डझनभर वर्षं आधी नागपूरच्या विणकर-तेली-कारागिरांनी रस्ता ताब्यात घेऊन आपला सार्वजनिक उत्सव सुरू केला होता, आणि तोही देवाचा नाही, एका अवदसेचा! त्याच काळात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 च्या 1 जानेवारीला सुरू झालेली, जुम्मा तलावाच्या काठी, महालापासून पायी अंतरावर. त्याच्या दहा वर्षं आधी रेल्वे आलेली. खेड्यांतून माणसं येत होती, पेठा दाटत होत्या.

आणि येताना त्यांनी मारबत गावाकडून आणली. विदर्भातल्या खेड्यांत पोळ्याच्या संध्याकाळी दारापाशी पळसाच्या फांद्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे त्या गोळा करून, हाकारे करत, शिवेबाहेर नेऊन टाकतात. तीच मारबत. तिला ना चेहरा, ना रंग. पावसाळ्याच्या त्या टोकाला ताप, हगवण, साप-विंचू यांचा धुमाकूळ असायचा, घराघरातली पीडा उचलून शिवेपार करायची, एवढाच अर्थ. माझा कयास असा की शहरात आल्यावर प्रश्न पडला असणार, इथे शीव कुठे? घराला घर लागलेलं. मग पीडा न्यायची तर सगळ्या गल्ल्यांतून न्यायला हवी, सगळ्यांना दिसायला हवी, म्हणजे उंच हवी. फांदीची बाई झाली आणि बाईची उंची वाढत गेली ती सज्ज्यापर्यंत.

या उंचीत खरी गंमत आहे. मारबत मैदानात उभी केली तर मोठी बाहुली वाटेल. ती भीती घालते ती गल्लीमुळे. मी लहानपणी आजोळच्या सज्ज्यात उभा असायचो. आधी ढोल-ताशांचा आवाज भिंतीतून यायचा, मग वळणावर पोट्ट्यांची झुंड, आणि मग अचानक कोपऱ्यावर तो चेहरा, थेट माझ्या उंचीला, दोन हातांवर, डोळ्यांत डोळे घालून. पहिल्या मजल्यावरच्या माणसाशी डोळे भिडवणारं शिल्प जगात कुठे आहे? खाली दोन-चार जण लांब बांबू घेऊन विजेच्या तारा उचलून धरायचे, आणि ती वाकत, डुलत, थांबत खालून निघून जायची. तिची चाल माणसाचीच. गाडी गर्दीतून जाईल त्या वेगाने. म्हणून बाजूच्या प्रत्येक घराला ती मिनिटभर तरी मिळायची.

आणि लोक काय करायचे? तर तिची पूजा! बायका हळद-कुंकू लावतात, नारळ देतात, ओटी भरतात. लहान मूल आजारी असेल तर तिच्या पायाशी नेतात. ज्या बाईला थोड्या वेळाने जाळायचं, तिला आधी हात जोडायचे. मी आजीला विचारलं होतं, ती वाईट आहे ना, मग पाया काऊन पडायचं? आजी म्हणाली, "आपलं सगळं वाईट घेऊन जाते ती. मग पाया नको पडू?"

हे उत्तर मला तेव्हा पुरलं. मोठेपणी पुरेनासं झालं, त्याला कारण काळ्या मारबतीची गोष्ट.

कोणी म्हणतं ती पूतना मावशी. पण नागपुरात घट्ट रुजलेली गोष्ट वेगळी आहे. काळी मारबत म्हणजे बाकाबाई भोसले, जिने इंग्रजांशी हातमिळवणी करून राज्य घालवलं. शाळेत असल्यापासून हेच ऐकलं. दरवर्षी वर्तमानपत्रात छापून येतं, दरवर्षी बाई जळते.

आता बाकाबाई कोण होती ते बघू.

दुसऱ्या रघूजींची ही राणी. रघूजी 1816 मध्ये वारले. मुलगा परसोजी राज्य चालवण्याच्या अवस्थेत नव्हता. सूत्रं बाकाबाईकडे असावीत की चुलतभाऊ आप्पासाहेबांकडे, यावर वाड्यात ओढाताण झाली. आप्पासाहेब जिंकले, आणि जिंकले ते इंग्रजांच्या पाठिंब्याने. तैनाती फौजेचा तह त्यांनीच केला, मे 1816 मध्ये. पुढच्याच वर्षी परसोजीचा खून झाला आणि आप्पासाहेब गादीवर बसले. मग त्यांचं इंग्रजांशी बिनसलं आणि 26-27 नोव्हेंबर 1817 ला सीताबर्डीची लढाई झाली. शौर्याची लढाई होती यात शंका नाही, पण हरली. आप्पासाहेब कैदेत गेले, पळाले, आणि आपल्या आठवणीत वीर म्हणून राहिले. मला त्यांचं वीरपण काढून घ्यायचं नाही. फक्त एवढंच, की ज्या कागदाने इंग्रजी फौज नागपुरात आणली, त्यावर सही बाकाबाईची नव्हती.

नंतर इंग्रजांनी रघूजींच्या मुलीच्या मुलाला गादीवर बसवलं, तिसरा रघूजी. पोर लहान होतं. वाड्याचा कारभार बाकाबाईकडे, राज्याचा कारभार रेसिडेंट जेंकिन्सकडे. इथे तिने इंग्रजांशी जुळवून घेतलं हे खरंच आहे. न घेऊन काय करणार होती, हा प्रश्न पेठेत कोणी विचारत नाही.

हा तिसरा रघूजी 11 डिसेंबर 1853 ला वारला. मुलगा नाही, दत्तक नाही. डलहौसीने 1854 मध्ये राज्य खालसा केलं. त्यानंतर जे झालं ते इंग्रज इतिहासकार जॉन केय याने 1857 वरच्या त्याच्या ग्रंथात लिहून ठेवलंय, आणि तो काही आपला माणूस नव्हता. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला आणून मातीमोल भावात विकले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेलं. आणि वाड्यातलं सामानसुमान काढायला माणसं आली तेव्हा म्हाताऱ्या बाकाबाईने धमकी दिली: सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावून देईन.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिलो. जिला आपण दरवर्षी इंग्रजांची हस्तक म्हणून जाळतो, ती म्हातारी इंग्रजांना म्हणत होती, तुम्हाला देण्यापेक्षा मीच जाळीन.

सामान गेलंच. तीन वर्षांनी 1857 उजाडलं. नागपुरातही कट शिजला होता, तो फसला, आणि बाकाबाईने आपल्या माणसांना उठावापासून लांब ठेवलं. तिच्या बदनामीची खरी मुळी इथे आहे. इंग्रजांनी याची आठवण ठेवली आणि पुढे घराण्याच्या दत्तक वारसाला देऊरची जहागीर आणि 'राजाबहादूर' किताब दिला. आजही महालात भोसल्यांचा वाडा आहे, गणपती बसतो, घराणं नांदतं. याला विश्वासघात म्हणायचं की एका घरातल्या सगळ्यात जुन्या बाईने घर वाचवलं म्हणायचं? माझ्या मते थोडं दोन्ही. उठाव करू पाहणाऱ्यांच्या बाजूने बघितलं तर तिला माफ करणं अवघड आहे. पण 1816 पासूनची सगळी पडझड एका विधवेच्या नावावर मांडून मोकळं होणं, हे काही इतिहासाला धरून नाही. ते सोयीचं आहे, एवढंच. ती 1858 मध्ये गेली. ज्या वाड्याला आग लावायची धमकी तिने दिली होती, तो सहा वर्षांनी जळाला. आणि काळी मारबत निघाली ती तिच्या मृत्यूनंतर 23 वर्षांनी.

या 23 वर्षांचं काय? मला वाटतं मारबत आधी आली, बाकाबाई नंतर तिच्यात शिरली. बाईच्या रूपातली पीडा तयार होतीच. तिला नाव हवं होतं. इंग्रजी अमलात इंग्रजांचा पुतळा गल्लीतून काढणं सोपं नव्हतं. इंग्रजांना मिळालेल्या मेलेल्या राणीचा काढता येत होता. राग योग्य होता, पत्ता जवळचा शोधला.

माझी एक आत्या इतिहासाची मास्तरीण होती. तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आता मारबत बंद करायची का?" मुळीच नाही. उलट, ज्या दिवशी ती बंद पडेल त्या दिवशी महाल हा फक्त पार्किंगचा प्रश्न उरेल. मला एवढंच हवंय की तिच्यापुढे हात जोडताना तिची पूर्ण गोष्ट सांगितली जावी. नाहीतरी बडगे दरवर्षी नवे होतात, त्यांच्या पाट्या नव्या लिहिल्या जातात. काळीच्याच कथेला इतकी जुनी पाटी कशाला?

जाळण्यासाठी घडवणं ही काही आपलीच खोड नाही. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला दरवर्षी मार्चमध्ये चौकाचौकांत कागदाचे प्रचंड देखावे उभारतात, तेही चालू घडामोडींवर टोमणे मारणारे, आणि 19 तारखेच्या रात्री जाळतात. फक्त ते लोकांची मतं घेऊन एक बाहुली वाचवतात आणि संग्रहालयात ठेवतात. आपण काहीच वाचवत नाही. आणखी एक जवळचं उदाहरण आहे, इंदूरचं. पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार पहिल्या महायुद्धाच्या काळात होळकरांच्या इंदुरात काम करत होता. शहरात प्लेगचं भय. लोकांनी घरं साफ करावीत म्हणून त्याने दिवाळीला मिरवणूक काढली. त्यात घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर, आणि शेवटी त्यांना अग्नी. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार? जिथली घरं सगळ्यात स्वच्छ त्या रस्त्याने, असं आधीच जाहीर केलं होतं. लोकांनी झाडून घरं सारवली म्हणे. हा गेडिस जुन्या पेठांमधून सरळसोट रुंद रस्ते काढण्याच्या विरुद्ध होता. अडलेलं एखादं पडकं घर काढा, थोडी मोकळी जागा करा, झाड लावा, पण पेठ कापू नका, असं त्याचं म्हणणं.

आपण कापली. केळीबाग रस्ता रुंद करायला घेतला, जुना भंडारा रस्ता करायला घेतला. रुंदीकरण नको असं मी म्हणणार नाही. ज्याला रात्री अ‍ॅम्ब्युलन्स लागते त्याला गल्लीची कविता सांगू नये. पण अर्धी कापलेली घरं बघितली आहेत का तुम्ही? समोरची खोली गेलेली, सज्जा गेलेला, स्वयंपाकघराची निळी भिंत थेट रस्त्यावर. एखादा खांब नुसताच उभा, वर कमळ कोरलेलं. ज्या सज्ज्यातून आम्ही मारबतीच्या डोळ्याला डोळा भिडवायचो तसले सज्जे आता मोजायला लागतात. रस्ता रुंद झाला की मारबत लहान दिसते. हे कोणाच्या आराखड्यात लिहिलेलं नसतं.

चालणारी माणसं काढून घेतली तर हा भाग कसा दिसतो, ते आपण दोनदा बघितलं. एकदा 2020 मध्ये. कोरोनामुळे त्या वर्षी मिरवणूक निघालीच नाही. रोगराई घेऊन जाणारीलाच रोगराईने घरी बसवलं. दुसऱ्यांदा 2025 च्या मार्चमध्ये. 17 तारखेच्या संध्याकाळी महालात हिंसाचार उसळला, आणि मग काही दिवस संचारबंदी. सुरुवात कशाने झाली, तर चौकात काहीतरी जाळण्यावरून. त्याबद्दल सगळ्यांनी पुष्कळ लिहिलंय, मी भर घालत नाही. तिकडे राहणारे आमचे एक काका एवढंच म्हणाले की इतक्या वर्षांत रात्री स्वतःच्या घराचं घड्याळ पहिल्यांदा ऐकू आलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मारबत निघाली. मी गेलो होतो. पोलीस नेहमीपेक्षा जास्त होते, गर्दीही. बडग्यांच्या पाट्या वाचत वाचत, हसत, ढकलाढकली करत माणसं पुढे सरकत होती. एका म्हातारीने नातवाला काळीच्या पायाला लावून आणलं आणि मग पोलिसाला म्हणाली, तुमचं पोरगं असलं तर आणा, मी धरते.

जाळणं झालं की दुपारनंतर गल्ल्यांत कागदाचे कपटे, नारळाच्या शेंड्या आणि चपला उरतात. महापालिकेची माणसं झाडू घेऊन येतात, उचललेल्या तारा कोणीतरी ठीक करतं. आणि चितार ओळीत तर श्वास घ्यायला फुरसत नसते. मारबतीचा दिवस म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, चतुर्थीला तीन दिवस राहिलेले. सगळ्या डोळ्यांचं काम बाकी असतं.